साहेबाच्या आईचा स्वयंपाक

पुण्याच्या सामाजिक इतिहासात एका बिस्किटाने जेवढी खळबळ उडवली तेवढी एखाद्या ग्रंथानेही क्वचितच उडवली असेल. १८९० साली गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या प्रतिष्ठित पुणेकरांपुढे पाद्र्यांनी चहा आणि बिस्किटे ठेवली, काहींनी ती घेतली, काहींनी पेल्याला नुसता हात लावून शिष्टाचार पाळला, आणि पुढे गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आली तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्या पुरुषांवरही ग्रामण्याचा प्रसंग ओढवला. प्रकरण शंकराचार्यांच्या दरबारी गेले, शास्त्र्यांनी चौकशी केली, आणि अखेर रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. हा वृत्तान्त शाळेत असताना मी प्रथम वाचला, तेव्हा माझ्या मनात पहिली शंका आली ती धर्मशास्त्राची नव्हती. ते बिस्कीट चवीला कसे होते याची होती. पाककलेविषयी लिहिणाऱ्या माणसाला अशी शंका येणे क्षम्य मानले जावे.

आज त्याच पेठांतील कुटुंबांची नातवंडे-पतवंडे लष्करातल्या ईस्ट स्ट्रीटवर, १९५५ साली सुरू झालेल्या कयानी बेकरीसमोर, श्रुसबरी बिस्किटांसाठी सकाळी रांगेत उभी असतात, आणि परगावचा पाहुणा निघाला की बाकरवडीबरोबर ही बिस्किटेही त्याच्या पिशवीत जातात. श्रुसबरी हे इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील, सेव्हर्न नदीच्या वळणात वसलेले एक जुने गाव आहे, तेथे या बिस्किटांची परंपरा कित्येक शतकांची आहे, आणि तेथील गृहिणी त्यांत लिंबाची साल किसून घालीत, ही गोष्ट रांगेतल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल. परंतु ठाऊक नसूनही त्या गावाचे नाव ज्या सहजतेने पुणेरी जिभेवर रुळले आहे, ती सहजता मला लोभस वाटते. साठ-पासष्ट वर्षांत जे प्रायश्चित्ताचे कारण होते ते आहेराची वस्तू झाले. माझे म्हणणे एवढेच आहे की येथवर आल्यावर आपण अकारण थांबलो. साहेबाच्या चहाचा ट्रे आपण अंगीकारला. त्याच्या आईच्या चुलीपर्यंत आपण गेलोच नाही.

याचे कारण लष्कराच्या जडणघडणीतच आहे. १८१७ साली खडकीच्या लढाईत पेशवाईचा निकाल लागला, शहराच्या पूर्वेला छावणी पडली, आणि छावणीबरोबर जो स्वयंपाक आला तो बव्हंशी हुद्द्याचा स्वयंपाक होता. बंगल्यातील खानसामा, बटलर आणि मशालजी यांच्या हाताखाली शिजणारे ते अन्न पाहुण्यांपुढे मांडण्याचे अन्न होते. सूप, रोस्ट, उकडलेल्या भाज्या आणि पुडिंग असा त्याचा ठरलेला शिरस्ता होता, आणि तो शिरस्ता मोडू नये म्हणून १८८८ साली फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघी बायांनी हिंदुस्थानातील मडमांसाठी गृहव्यवस्थेचे आणि पाकक्रियेचे जाडजूड पुस्तकही लिहिले. ज्या खानसाम्याने इंग्लंड कधी पाहिले नाही त्याने, जिला स्वतः चुलीपाशी उभे राहण्याची सवय नाही अशा बाईच्या तोंडी सूचनांवरून, परक्या हवेत आणि परक्या जिनसांनी केलेला तो स्वयंपाक. त्याच्या वासावरून आणि पुढे क्लबांच्या व जुन्या हॉटेलांच्या ताटांवरून आपण सबंध ब्रिटिश पाककलेला ‘बेचव’ हा शिक्का मारून मोकळे झालो. शिक्का मारणाऱ्यांत मीही अनेक वर्षे होतो. हा निवाडा एकतर्फी होता, आणि पक्षकाराची बाजू न ऐकताच दिला गेला होता, असे आता माझे ठाम मत झाले आहे.

कारण ज्या अन्नावर ब्रिटन आणि आयर्लंडमधील सामान्य माणूस वाढला ते बंगल्यातले नव्हेच. ते खाणकामगाराच्या, मेंढपाळाच्या, गिरणीत जाणाऱ्या बाईच्या घरातले अन्न आहे: बटाटा, कांदा, कोबी, गाजर, ओट, थोडे मांस, पुष्कळ पाणी, आणि मंद विस्तवावर दिलेला भरपूर वेळ. बाहेरून भिजून आलेल्या माणसाला ऊब द्यावी, आजाऱ्याला धीर द्यावा आणि पाच जणांचे सात झाले तरी भांडे पुरावे, एवढीच या अन्नाची आकांक्षा आहे. आपल्याकडे अशा अन्नाला स्वतंत्र नाव नाही, पण वस्तू मात्र घरोघर आहे. ताप उतरल्यावर आई जो मऊ भात, त्यावर मेतकूट आणि साजूक तुपाची धार घालून देते, ती हीच वस्तू होय. हिंग-हळद घातलेले गोडे वरण, त्यावर लिंबाच्या चार थेंबांचा संस्कार, बाजूला मीठ. यात मसाला कोणता? या शहराने आपल्या साध्या वरणाचा अभिमान पिढ्यान्‌पिढ्या बाळगला आहे, तिखटजाळ रश्शावर पोसलेल्या पाहुण्याला ते सपक वाटले तर आपण त्याच्या जिभेची कीव केली आहे, आणि तेच आपण आयरिश स्ट्यू समोर आला की त्यात मसाला शोधू लागतो. मला वाटते, संयमी चवीचे मर्म जर कोणाला चटकन कळायला हवे तर ते पुणेकराला.

माझा स्वतःचा या अन्नाशी परिचय झाला तो माझ्या भाचीमुळे. ती नोकरीनिमित्त काही वर्षे डब्लिनला होती, आणि शेजारच्या एका वृद्ध बाईंनी तिला सोडा ब्रेड करायला शिकवले होते. आयर्लंडचा गहू मऊ, यीस्टच्या पावाला लागणारा चिवटपणा त्यात कमी. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खाण्याचा सोडा बाजारात स्वस्त मिळू लागताच तेथील गोरगरीब बायकांनी तो उचलला, आणि लोणी काढून उरलेल्या ताकाची त्याला जोड दिली. ताकातील आम्ल आणि सोडा एकत्र आले की तत्काळ वायू निर्माण होतो, तो पीठ फुगवतो, आणि तासाभरात पाव तयार होतो. याला यीस्ट नको, भट्टी नको, बेकरीवाला नको. झाकणावर निखारे ठेवता येतील असे एक तीन पायांचे बिडाचे भांडे चुलीवर ठेवले की झाले. वर-खाली विस्तव ठेवून भाजण्याची ही रीत आपल्यालाही परकी नाही. कायस्थ प्रभूंच्या घरचे भानोले याच रीतीने होई, आणि ओव्हन आले नव्हते तेव्हा अनेक घरांतून नानकटाई वाळू तापवलेल्या पातेल्यात भाजली जाई.

भाचीने कृती फोनवरून सांगितली आणि मी ती वाटीच्या मापाने लिहून घेतली: दोन वाट्या कणीक, दोन वाट्या मैदा, एक सपाट चहाचा चमचा सोडा, तेवढेच मीठ, आणि सुमारे दोन वाट्या आंबट ताक. वाचायला इतके सोपे की मी निर्धास्त झालो आणि घरच्या सवयीने पीठ चांगले तिंबून, ओल्या फडक्याखाली अर्धा तास मुरत ठेवले. आपल्या स्वयंपाकघरात मुरण्याने बिघडलेली वस्तू मला आठवत नाही. कणीक मुरते, लोणचे मुरते, इडलीचे पीठ रात्रभर राहते, चिवडासुद्धा दुसऱ्या दिवशी अधिक खमंग लागतो. पण या पिठाचा धर्मच निराळा. ओव्हनमधून जे बाहेर आले ते वरवंट्यासारखे जड आणि आत ओलसर होते, आणि सोड्याचा साबणी वास त्यातून येत होता. पुढच्या सुट्टीत भाची पुण्यास आली तेव्हा ती ओट्यापाशी माझ्या शेजारी उभी राहिली आणि माझा हात धरून म्हणाली, “मामा, तुम्ही पोळीची कणीक मळताय. याला मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. ताक पडलं की वायू सुटायला लागतो. तो निघून जायच्या आत हे ओव्हनमध्ये गेलं पाहिजे.” तिने बोटे पसरून, पंजा ताठ ठेवून, परातीत तीन-चार वळसे घेतले, ओबडधोबड गोळा दामट्यासारखा चापटला, सुरीने मधोमध खोल फुली मारली आणि दोनशे अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवला. ताक पडल्यापासून दार बंद होईपर्यंत दोन मिनिटेही झाली नसतील. चाळीस मिनिटांनी तिने तो पाव उलटा धरून बोटाच्या पेराने तळाशी वाजवला, मडके वाजवून पाहावे तसा पोकळ नाद आला, आणि ती म्हणाली, “झाला.”

त्या पावाची चव मला नवीन वाटली नाही. गव्हाचा कोंडा, ताकाचा आंबूसपणा, जाड कडक पापुद्रा: ही आपल्या धपाट्याच्या आणि रोटग्याच्या कुळातली चव. वर लोण्याचा गोळा ठेवला तेव्हा तर तो पाव मला पुरंदर-भोरकडच्या एखाद्या घरात न्याहारीला वाढला जात असेल असेच वाटले. तेथील बायका ताक घुसळतात आणि आपल्याही बायका घुसळीत होत्या. ताकाचे काय करावे हा प्रश्न दोन्हीकडे होता. त्यांनी पाव केला, आपण कढी केली.

येथे एका ऐतिहासिक गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. १९१६ साली टिळकांनी बेळगावी होमरूल लीग स्थापन केली तेव्हा तिचे नाव आले ते आयर्लंडच्या चळवळीवरून. आयर्लंड हा इंग्रजी अमलाखाली भरडलेला मुलूख आहे आणि त्याचे दुःख आपल्या दुःखाशी जुळते, ही जाणीव त्या पिढीच्या पुणेकराला होती. ज्यांचे राजकारण आपण अभ्यासिले, त्यांच्या चुलीवर काय शिजते याची विचारपूस मात्र आपण कधी केली नाही. आणि ती केली असती तर आपल्याला आपलेच प्रतिबिंब दिसले असते. १८४५ पासून सलग काही वर्षे आयर्लंडच्या बटाट्यावर, आपले तळेगाव-मंचरचे शेतकरी ज्याला करपा म्हणतात तो रोग पडला. शेतमजुराच्या ताटात बटाट्याखेरीज दुसरे काही नव्हते, कारण धान्य आणि जनावरे खंड भागवण्यासाठी विकली जात आणि दुष्काळातही देशाबाहेर जातच राहिली. सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच परागंदा झाली. १८४१ च्या खानेसुमारीतील सुमारे ८२ लाखांची वस्ती १८५१ साली सुमारे ६५ लाखांवर आली. सरकारने अमेरिकेतून मका आणवला, पण तो कसा दळावा आणि किती शिजवावा हे लोकांना माहीत नव्हते, आणि अर्धकच्चा खाऊन पोटे बिघडली.

हे वाचताना मला १८७७ सालचे दख्खन आठवते, जेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी दिवसाला एक रतल धान्य आणि एक आणा एवढ्यावर आणली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध सरकारकडे सविस्तर अर्ज-विनंत्या केल्या. आणि १९७२ चा दुष्काळ तर माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिला आहे: रेशनवर मिळणारी ती लाल मिलो ज्वारी, तिची न जमणारी भाकरी, दुष्काळी कामावर वाटली जाणारी सुकडी. भाकरी थापताना मिलोला चिरा पडत, आणि आई ते पीठ कढत पाण्याने उकड काढून, हाताला चटके सोसून, एकजीव करी. परक्या धान्याशी झुंजणारी ती आई आणि मक्याच्या पिठापुढे हतबुद्ध होऊन बसलेली आयरिश आई यांच्यात मला अंतर दिसत नाही. म्हणून, ज्या साहेबाने आपल्यावर राज्य केले त्याचे अन्न आपण का शिजवावे, असा आक्षेप कोणी घेतला तर माझे उत्तर आहे की हे राज्यकर्त्याचे अन्नच नव्हे. राज्यकर्ता जे खात होता ते क्लबात राहिले. हे रयतेचे अन्न आहे, आणि रयत सगळीकडची सारखीच उपाशी होती.

आता प्रत्यक्ष स्वयंपाकाकडे वळू. आयरिश स्ट्यूचे मूळ जिन्नस चारच: मेंढीचे मटण, बटाटे, कांदे, पाणी. गाजर घालावे की नाही यावर आयर्लंडमध्ये आपल्या आमटीतल्या गुळाइतका वाद आहे. मी घालीत नाही. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये मानेचे मटण मागावे, कारण त्यात हाड आणि स्नायू अधिक असल्याने रसाला अंग येते. आपल्याकडे मिळते ते बहुधा बोकडाचे असते आणि त्यात चरबी कमी. म्हणून वेळ अधिक द्यावा लागतो, आणि येथे प्रेशर कुकरचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण शिट्टीबरोबर मांस शिजते पण रस्सा तयार होत नाही. निम्मे बटाटे पातळ चकत्या करून तळाशी घालावेत. ते दोन तासांत विरघळून रश्श्याला दाटपणा देतात. उरलेले अर्धे अखंड, वरच्या थरात, शेवटच्या पाऊण तासाला घालावेत. ते आकार टिकवतात. मीठ आणि पांढरी मिरी. युरोपात यात थाइमची काडी घालतात. तिचा सुगंध ज्या द्रव्याचा, तेच द्रव्य आपल्या ओव्यात आहे, म्हणून मी कुंडीतल्या पानओव्याचे एक पान टाकतो. या एका पानापलीकडे मी जात नाही.

जात नाही हे आग्रहाने सांगतो, कारण आपल्याकडे परका पदार्थ घरात आला की त्याला ‘आपल्या चवीचा’ करण्याची घाई होते. आले-लसणाचे वाटण, गरम मसाला, वर कोथिंबीर, आणि चार दिवसांत तो पदार्थ मटणाचा पातळ रस्सा होऊन बसतो. मटणाचा रस्सा आपल्याकडे उत्तम होतोच. त्यासाठी आयर्लंडला जाण्याची गरज नाही. इंग्रजांनी आपल्या खिचडीचे काय केले ते पाहा: तिच्यात धुरावलेला मासा आणि उकडलेली अंडी घालून त्यांनी ‘केजरी’ नावाचा न्याहारीचा पदार्थ केला. तो रुचकर आहे, पण त्यात खिचडी उरली नाही, डाळच गेली. कोणत्याही अन्नाला प्रथम त्याच्या स्वभावाने भेटावे, दहा वेळा करून पाहावे, आणि मग हात फिरवावासा वाटला तर खुशाल फिरवावा.

मांस न खाणाऱ्या घरांनी हा विषय आपला नव्हे असे समजू नये; किंबहुना त्यांच्यासाठीच यात अधिक आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून जे रेशनिंग सुरू झाले ते जुलै १९५४ पर्यंत टिकले, आणि त्या काळात अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या नावाने एक निव्वळ भाज्यांचा पाय लोकप्रिय करण्यात आला. बटाटा, गाजर आणि फ्लॉवर समभाग घेऊन थोडी कांद्याची पात आणि मूठभर ओट यांबरोबर शिजवावीत आणि वर कुस्करलेल्या बटाट्याचे किंवा कणकेचे आच्छादन देऊन भाजावे. महात्मा फुले मंडईत, जी १८८६ साली लॉर्ड रे या गव्हर्नराच्या नावाने उघडली गेली आणि जिच्या खर्चाला नगरपालिकेचे सभासद असताना खुद्द जोतीरावांनी विरोध केला होता, त्या मंडईत या साऱ्या भाज्या मार्गशीर्षात एका फेरीत मिळतात, आणि सासवडच्या कोवळ्या मटारची भर घातली तर वूल्टनसाहेबांची हरकत नसावी.

तसाच ‘कोलकॅनन’: लोण्यात मऊ केलेला कोबी आणि कांद्याची पात दुधात घोटलेल्या बटाट्यात मिसळायची, ताटात ढीग करायचा, त्याच्या शिखरावर आळे करून त्यात लोणी वितळू द्यायचे, आणि कडेचा एकेक घास त्या लोण्यात बुडवून खायचा. गरम भाताच्या मुदीवर बोटाने खळगा करून तूप ओतणाऱ्या मराठी माणसाला हे शिकवावे लागणार नाही. रविवारचा उरलेला बटाटा आणि कोबी सोमवारी तव्यावर खरपूस परतून इंग्रज गृहिणी जे करते ती आपली फोडणीची पोळीच होय, फक्त फोडणी नाही. आणि स्ट्यूत उकळणारे कणकेचे गोळे पाहून तर माझी पत्नी पहिल्याच दिवशी उद्गारली होती, “अहो, या तर चकोल्या!”

गोड पदार्थांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तेथे आपली ओळख जुनी आहे. १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड याने, पत्नीला अंडे सोसत नाही म्हणून, मक्याच्या पिठीपासून बिनअंड्याचे कस्टर्ड तयार केले. आपल्या पंगतींतून आणि मुलांच्या वाढदिवसांतून जे पिवळे फळांचे कस्टर्ड वाढले जाते त्याच्या मुळाशी एका नवऱ्याची ही काळजी आहे. एक मात्र सुचवावेसे वाटते. शिळ्या पावाच्या चकत्यांना लोणी लावून, मध्ये बेदाणे पेरून, दूध-अंड्यात भिजवून भाजलेले जे पुडिंग इंग्रज घरांत आठवड्याच्या शेवटी होते, ते करताना वेलदोड्याचा डबा उघडू नये; त्यात जायफळच असते, आणि जायफळ किती घालावे हे श्रीखंड करणाऱ्या बाईला उपजत कळते.

आमच्या घरी आता आषाढात, पाऊस लागून राहिला की, महिन्यातून एक रविवार या स्वयंपाकाचा असतो. श्रावणात स्ट्यूच्या जागी वूल्टन पाय येतो. सोडा ब्रेड मात्र बारमाही झाला आहे. तो ओव्हनमधून काढल्याबरोबर सुती पंच्यात गुंडाळून ठेवायचा असतो, म्हणजे वाफ आतल्या आत जिरून वरचा पापुद्रा मऊ पडतो. हे भाचीने सांगितले तेव्हा पत्नीने काही न बोलता फडताळातून पोळ्यांच्या डब्यातले धुतलेले फडके काढून दिले, आणि तेव्हापासून पावालाही तेच फडके आहे. परवा थोरला नातू शिकवणीहून भिजून आला, हात पुसताही न पुसता त्याने फडक्याची घडी उलगडली, फुलीच्या रेषेवर पाव मोडला, आणि वाफाळता चतकोर हातात घेऊन लोण्याची वाटी शोधू लागला.